इतिहास बदला, पण पुरावा दाखवून

गुढीपाडव्याला शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. डोंबिवलीचा फडके रस्ता त्या दिवशी उजाडायच्या आतच फुलून जातो. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या अखेरीस इथून निघालेली नववर्ष स्वागतयात्रा पुढे ठाण्यात, कल्याणात, गिरगावात आणि मग राज्यभर गेली. मराठी माणसाने आपले नवे वर्ष सहकुटुंब, नटूनथटून, रस्त्यावर उतरून साजरे करावे ही रीत डोंबिवलीकरांनी घालून दिली. तिचा अभिमान बाळगायलाच हवा. या यात्रेत लेझीम असते, ढोल-ताशा असतो, दुचाकीवरच्या फेटेवाल्या मुली असतात आणि ट्रकवर उभारलेल्या चित्ररथांतून इतिहासही चालत असतो. शाळेच्या पुस्तकात वर्षभरात भेटणार नाही इतका इतिहास मुले या दोन-तीन तासांत डोळ्यांनी पाहतात.

त्याच वेळी दुसरा एक इतिहास मोबाइलवर फिरत असतो. तो पाडव्याच्या आदल्या दिवशीच सुरू होतो. फाल्गुन अमावास्या, शके १६१०, म्हणजे ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची हाल हाल करून हत्या केली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आनंदात गुढ्या उभारल्या गेल्या आणि तेव्हापासून हा सण आला, असे एक संदेश सांगतो. शालिवाहनाने मातीचे सैनिक केले, त्यांत प्राण फुंकले, शकांचा निःपात केला आणि त्या विजयाचा शक सुरू केला, असे दुसरा सांगतो. दोन्ही संदेश एकाच घरात पोचतात, वडिलांच्या ग्रुपवर एक आणि मुलाच्या ग्रुपवर दुसरा. सणाच्या दिवशी जेवताना वाद होतो. त्या वादात पुराव्याचा मात्र कुणी शब्द काढत नाही, आणि आम्हाला बोलायचे आहे ते याच पुराव्याबद्दल.

इतिहासाची फेरमांडणी हा गुन्हा नाही. आजोबांनी सांगितले ते नातवाने तपासून पाहावे, यात आजोबांचा अपमान नसतो. लढाया, राजे, प्राचीन संस्कृती यांच्याकडे प्रत्येक पिढी नव्याने पाहते आणि तिने पाहावेच. आक्षेप एवढ्याचसाठी आहे की हल्ली निष्कर्ष आधी ठरतो आणि पुरावा नंतर शोधला जातो, किंवा शोधलाच जात नाही.

गुढीचेच पाहू. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्यात गुढी आहे. चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या अभंगात गुढी आहे. त्या उल्लेखांतली गुढी विजयाची, आनंदाची, वारीची आहे. प्रत्येक जागी ती पाडव्याचीच आहे असे कुणी म्हणू नये. पण आनंदाच्या प्रसंगी गुढी उभारणे हा मराठी मुलखाचा रिवाज संभाजीराजांच्या जन्माआधी निदान साडेतीनशे वर्षे चालत आलेला होता, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. हत्येनंतर हा रिवाज सुरू झाला असे सांगणारा एकही समकालीन कागद पुढे आलेला नाही. मग दावा करणाऱ्याने तो कागद दाखवावा. आदल्या दिवशी संभाजीराजांच्या स्मृतीने ज्याच्या घरी गोडधोड होत नाही, त्याच्या भावनेपुढे आम्ही मान झुकवतो. तुळापूरला जे घडले ते मराठी मनावरचे ओरखडे आहेत. पण त्या दुःखाला खोट्या दाखल्याची गरज नाही, आणि त्या दाखल्यावरून शेजाऱ्याच्या गुढीवर संशय घेण्याची तर मुळीच नाही.

आता शालिवाहनाचे. इथे दुसऱ्या बाजूच्या आवडत्या दंतकथेलाही तोच न्याय लावला पाहिजे. इसवी सन ७८ पासून मोजली जाणारी ही कालगणना शकांना हरवणाऱ्याने सुरू केली असती, तर शालिवाहन ज्यांच्यातला मानला जातो त्या सातवाहनांच्या लेखांत ती दिसायला हवी होती. तिथे ती नाही. सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या राज्याचे कितवे वर्ष, कोणता ऋतू, कोणता पक्ष एवढेच देतात. ही गणना वापरत होते ते गुजरात-माळव्यातले क्षत्रप, चष्टनाच्या घराण्यातले, म्हणजे खुद्द शकच. पूर्वी अनेक विद्वान तिचे श्रेय कुशाणांच्या कनिष्काला देत. अफगाणिस्तानात रबातकचा लेख १९९३ मध्ये सापडला, पुढे ज्योतिषग्रंथांतल्या गणिताचा नव्याने विचार झाला, आणि कनिष्काचे राज्यारोहण आता बहुतेक अभ्यासक १२७ च्या सुमारास धरतात. त्यामुळे चष्टनाची बाजू आणखी भक्कम झाली. शालिवाहनाचे नाव या गणनेला जोडले गेले ते जवळजवळ हजार वर्षांनी.

हे ऐकून कुणाचा हिरमोड होत असेल तर त्याने नाशिकला जावे. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका आईने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाबद्दल तो कोरवून घेतला. शक, यवन, पल्हव यांना त्याने नमवले, क्षहरात या क्षत्रप घराण्याचा वंश निर्मूल केला, हे तिथे दगडावर आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षहरात नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याची मुद्रा उमटलेली, तळहातावर घेऊन पाहता येईल अशी! मातीच्या सैनिकांची गोष्ट या नाण्यांपुढे फिकी आहे. कालगणना सातवाहनांची नाही, पण विजय त्यांचा आहे.

आणि या झगड्यात कल्याणची खाडी होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत कल्याण ‘कॅलिएना’ या नावाने येते. एका राजाच्या काळात ते खुले व्यापारी बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि इथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले, असे तो सांगतो. भडोच क्षत्रपांकडे, कल्याण सातवाहनांकडे, आणि मधल्या समुद्रात व्यापाराची कोंडी. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. आज दुर्गाडीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की याच पाण्यात दोन हजार वर्षांपूर्वी एक आर्थिक युद्ध खेळले गेले? शालिवाहनाचा चित्ररथ जरूर करावा. पण एखाद्या वर्षी नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा छाप मारणारा कारागीर त्या रथावर दाखवावा, खाडीत अडकवलेले जहाज दाखवावे.

फेरमांडणी कशी असते याचा नमुना बघायला आपल्याला लांब जायचे कारण नाही. अंबरनाथचे शिवमंदिर कल्याणहून लोकलने दोन-तीन स्थानकांवर आहे. वालधुनीच्या काठी काळ्या दगडातले, बाहेरच्या भिंतीची बोटभर जागाही शिल्पाविना न सोडलेले, आणि गाभारा सभामंडपापासून पायऱ्या उतरून खाली गेलेला. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, उजाडले म्हणून काम अर्धवट राहिले, ही कथा पंचक्रोशीत घरोघर आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत आजही ती कानावर पडते. पण उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूला, एक छोटा लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि त्याचे वर्ष शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६० असे दिले. भाऊ दाजी म्हणजे त्या काळातले मुंबईचे सर्वांत मोठे विद्वान. त्यांच्या हाताखाली जुनागडहून आलेला एक तरुण काम करत होता, पंडित भगवानलाल इंद्रजी. पुढे भगवानलालांनी तोच लेख पुन्हा वाचला आणि सांगितले, पहिला अंक सात नाही, नऊ आहे. वर्ष शके ९८२. इसवी सन १०६०.

एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. सात आणि नऊ या अंकांचे जुने वळण शेजारी शेजारी ठेवून पाहिले की घोटाळा कसा झाला हे लगेच कळते. दगड झिजलेला, उजेड कमी. पण नऊ हा अंक स्वीकारल्यावर लेखातला शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, आपल्या घराण्याच्या क्रमात नेमका बसला, आणि मंदिराची शैलीही त्याच शतकाशी जुळली. शिष्याने गुरूला खोडून काढले आणि त्यात गुरूची अवहेलना कुणाला वाटली नाही. हेच भगवानलाल पुढे १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरतात आणि अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा जगापुढे आणतात. भाऊ दाजींच्या नावाचे वस्तुसंग्रहालय भायखळ्यात ताठ उभे आहे; एका चुकीच्या अंकाने त्यांचे मोठेपण रतीभरही घटले नाही.

ठाण्याचेही असेच. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायाचे खोदकाम चालू असताना मजुरांना ताम्रपट मिळाले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे १०१७ चे ते दानपत्र. कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या १७८८ च्या पहिल्याच खंडात ते छापून आले. श्रीस्थानक, आपले ठाणे, ही शिलाहारांची राजधानी होती हे आज आपण सहज म्हणतो, ते अशा तांब्याच्या पत्र्यांच्या बळावर. पायाच्या खड्ड्यातून एक राजघराणे वर आले. त्याआधी या जागेचा इतिहास पोर्तुगीज आणि मराठे यांच्यापुरताच उरला होता.

कल्याणचे नाव घेतले की महाराष्ट्राला पहिल्यांदा आठवते ती सुभेदाराची सून. आबाजी सोनदेवांनी कल्याण मारले, मुल्ला अहमदची देखणी सून शिवरायांपुढे आणली, आणि महाराजांनी तिला मातेसमान मानून साडी-चोळी देऊन परत पाठवले. ही गोष्ट आपण सगळे पाळण्यापासून ऐकत आलो. कल्याणकरांना तर तिचा विशेष जिव्हाळा. पण सभासदाची बखर, जी शिवकाळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिली, तिच्यात ही हकिकत नाही. ती उतरली आहे फार नंतरच्या बखरींत. कल्याणच्या मोहिमेचे साल ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात १६४८ च्या आसपास दिले होते. नंतरच्या संशोधनाने ते २४ ऑक्टोबर १६५७ वर आणले.

या एका आख्यायिकेवर केवढे इमले उभे राहिले! ज्यांना शिवरायांची थोरवी सांगायची त्यांनी ती सांगितलीच. उलट बाजूने स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’मध्ये ही घटना खरी धरून महाराजांच्या औदार्यालाच बोल लावला. वसईला पोर्तुगीज सुभेदाराची पत्नी परत पाठवल्याची गोष्ट ज्यांच्याबद्दल सांगतात त्या चिमाजी अप्पांनाही त्यात गोवले. राजकारण आणि स्त्रीचा सन्मान यांच्यावर एवढा मोठा वाद उभा करायचा आणि त्याच्या पायाला समकालीन कागद नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सावरकरांच्या निष्कर्षाशी आमचा मुळातच विरोध आहे. शत्रूच्या स्त्रीची विटंबना हे कोणत्याही काळात शौर्य ठरू शकत नाही. पण त्या वादाआधी विचारायचा प्रश्न घटनेच्या पुराव्याचा होता.

मग आख्यायिका गेली तर शिवराय उणे होतात का? बिलकूल नाही. २८ जानेवारी १६४६ चे एक पत्र आहे. रांझे गावचा मोकदम बाबाजी बिन भिकाजी गुजर याने बदअमल, म्हणजे दुराचार, केला, म्हणून त्याचे हातपाय तोडून मोकदमी काढून घेतल्याचे ते पत्र. त्या वेळी शिवराय पंधरा-सोळा वर्षांचे. गुन्हेगार परका नव्हता, आपल्याच मुलखातला वतनदार होता. शत्रूच्या सुनेला सन्मानाने परत पाठवणे मोठेच, पण आपल्या गावच्या पाटलाला शिक्षा करणे राजाला जास्त अवघड असते. खाफीखानासारखा महाराजांचा पक्का द्वेष्टा लेखकसुद्धा लिहून ठेवतो की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता. शत्रूच्या तोंडचे हे शब्द आपल्याकडे असताना साडी-चोळीची गोष्ट इतिहास म्हणून रेटायची गरज उरत नाही. ती गोष्ट म्हणूनच सांगावी, आवडीने सांगावी.

कल्याणचा खरा मान आणखी वेगळाच आहे आणि तो या गोष्टीमागे झाकला गेला. १६५९ मधल्या पोर्तुगीज कागदांत चिंता उमटली आहे, की शहाजीचा मुलगा कल्याण-भिवंडीच्या बाजूला लढाऊ गलबते बांधतो आहे. मराठी आरमाराचा आरंभ आपल्या खाडीत झाला. कल्याणच्या शाळांतल्या मुलांना सुभेदाराची सून तोंडपाठ असते. हा आरंभ किती जणांना माहीत आहे, ते शिक्षकांनी वर्गात विचारून पाहावे.

संभाजी महाराजांच्या बाबतीत तर फेरमांडणीनेच न्याय केला. दीडशे वर्षे त्यांची प्रतिमा व्यसनी, बेजबाबदार राजपुत्राची होती. तिचे मूळ मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत. ती बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. लेखक ज्यांच्या वंशातला, त्या बाळाजी आवजी चिटणिसांना १६८१ मध्ये संभाजीराजांनीच देहान्ताची शिक्षा दिली होती. घराण्याची जखम बखरीत उतरली आणि बखर नाटकांत, कादंबऱ्यांत. वा. सी. बेंद्रे या माणसाने आयुष्याची कित्येक दशके घालून, इंग्लंडपर्यंत जाऊन कागद गोळा केले आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र दिले. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. एकाच वेळी मोगल, सिद्दी, पोर्तुगीज यांच्याशी नऊ वर्षे झुंजणारा, संस्कृत जाणणारा राजा महाराष्ट्राला परत मिळाला. शिवरायांचे खरे चित्रही बेंद्र्यांनीच समोर आणले. त्याआधी भलत्याच माणसाचे चित्र शिवराय म्हणून घराघरांत पुजले जात होते.

२०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा चित्रपट आला. ठाणे-कल्याणच्या चित्रपटगृहांत मुले रडत बाहेर पडली. ते अश्रू खरे होते. पण महिनाभरात औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण पेटले आणि नागपुरात दंगल झाली. बेंद्र्यांचे पुस्तक येऊन पासष्टहून अधिक वर्षे झाली, त्यावरून कुठे दगड उचलला गेल्याचे ऐकिवात नाही. पुस्तकाने माणूस समजावला. पडद्यावरची दृश्ये तेवढ्यावर थांबली नाहीत, कारण पाहणाऱ्याला ती आजच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवायला वापरायची होती. जे बोट दाखवायला लावतात त्यांना बेंद्रे वाचायची फुरसत नसते.

ठाणेकरांना डिसेंबर २०१० आठवत असेल. ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात, दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृहात भरले होते आणि त्या नावावरून वाद पेटला होता. त्याच आठवड्यात पुण्याच्या लाल महालातून दादोजींचा पुतळा रात्रीतून हलवला गेला. एक बाजू म्हणे ते शिवरायांचे गुरू. दुसरी बाजू म्हणे हा सगळा नंतरचा बनाव. कागद काय म्हणतात? दादोजी शहाजीराजांच्या विश्वासातले कारभारी होते, पुण्याची उद्ध्वस्त जहागीर त्यांनी लावली, निवाडे केले, त्यांचे कागद उपलब्ध आहेत. सभासदही त्यांना शहाणा, चौकस माणूस म्हणून ओळखतो. गुरू म्हणून त्यांना उभे केले ते नंतरच्या बखरींनी आणि शाळेच्या पुस्तकांनी. गुरुपद गेले, तरी कर्तबगार कारभारी हे स्थान जात नाही. आणि ते शिवरायांचे अहितचिंतक होते असा कोणताही कागद नाही. दोन्ही बाजूंना हे उत्तर पचत नाही, म्हणून तेच जास्त विश्वासार्ह आहे असे नव्हे. ते कागदांवर उभे आहे म्हणून विश्वासार्ह आहे.

प्रत्येक वेळी नवा कागदच लागतो असेही नाही. ठाण्याच्या किल्ल्यातला तुरुंग. २ मे १८४८ रोजी तिथे राघोजी भांगरे यांना फाशी दिले. अकोले तालुक्यातल्या देवगावचा हा महादेव कोळी वीर. इंग्रजी दप्तरात तो दरोडेखोर आहे. सावकारांवर हल्ले करणारा, शांततेचा शत्रू. शंभर वर्षे आपणही तसेच वाचले. मग कुणीतरी विचारले, सावकारांवरच का? जमिनी कुणाच्या गेल्या होत्या, कोणत्या कायद्याने गेल्या होत्या? कागद तेच राहिले, विचारणारा बदलला, आणि दरोडेखोराच्या जागी बंडकरी दिसू लागला. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. त्यांचे स्मरण दरवर्षी होते. राघोजींचेही तितक्याच मानाने व्हावे.

लढायांच्या आठवणी तर एका गावातही एक नसतात. मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाणे घेतले आणि दोन वर्षांनी वसई. मासुंदा तलावाच्या एका अंगाला कौपिनेश्वर आहे; सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी त्याचा जीर्णोद्धार १७६० च्या सुमारास केला. दुसऱ्या अंगाला सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. देवळातल्या माणसाला १७३७ मुक्तीचे वर्ष वाटते. चर्चमधल्या ठाणेकराच्या पूर्वजांना ते सत्तांतराचे वर्ष होते. पण वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक लिहून दिलेली आहे. दोघांनाही एकत्र वाचता येईल असा हा कागद आहे.

मलंगगडाचेही तेच. तिथे कुणी मच्छिंद्रनाथांची समाधी पाहतो, कुणी हाजी मलंगबाबांचा दर्गा. निवडणुका आल्या की घोषणा सुरू होतात. गॅझेटियर सांगते, इंग्रज गडाच्या भागातून निघून गेल्यावर पेशव्यांनी नवस फेडायला कल्याणच्या काशिनाथपंत केतकर या ब्राह्मणाला तिथे पाठवले होते. केतकर घराण्याची वहिवाट पुढे चालू राहिली आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्थान स्वतःच्याच खास रूढींनी चालणारे मानले. पेशव्यांना ज्या जागी नवस फेडताना अडचण वाटली नाही, तिथे आपल्याला का वाटावी?

फार प्राचीन काळाबद्दल तर दावे आणखी सैल सुटतात. सिंधू संस्कृतीची लिपी वाचल्याचे दर दोन वर्षांनी कुणीतरी जाहीर करतो, प्रत्येकाला तिच्यात आपलीच भाषा सापडते. वास्तविक तिचे वाचन अजून सर्वमान्य झालेले नाही. म्हणून तर तमिळनाडू सरकारने २०२५ मध्ये दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले. हीच संस्कृती जगापुढे आली ती १९२४ मध्ये. तिच्यातले मोहेंजोदडो उकरणारे राखालदास बॅनर्जी तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे, पुण्यातल्या कचेरीचे अधिकारी होते. त्या एका उत्खननाने भारताचा इतिहास दोन-अडीच हजार वर्षे मागे गेला. तेवढी मोठी उलथापालथ कुदळीने केली.

ठाणे शहराला ही कुदळ परकी नाही. मिठागराचा व्यवसाय करणाऱ्या वि. ल. भाव्यांनी १८९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर इथे मराठी ग्रंथ संग्रहालय उभे केले. त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले आणि महानुभावांचे वाङ्मय हाती आल्यावर नव्या आवृत्तीत ते स्वतःच पुष्कळ बदलले. डॉ. दाऊद दळवींनी ‘असे घडले ठाणे’ लिहिले आणि कोकण इतिहास परिषदेच्या रूपाने शाळामास्तर, नोकरदार, गृहिणी अशा हौशी अभ्यासकांना एकत्र आणले. यांतली कितीतरी माणसे रविवारी गावोगावच्या गधेगाळी, वीरगळ असे कोरीव दगड शोधत हिंडतात. शेताच्या बांधावर उलटा पडलेला दगड सरळ करतात, खडूची पूड लावून अक्षरे पाहतात. खरा फेरविचार या माणसांच्या हातून होतो आहे.

म्हणून स्वागतयात्रेच्या आयोजकांकडे एक मागणी करतो. पुढच्या वर्षापासून प्रत्येक ऐतिहासिक चित्ररथाखाली एक पाटी असावी: प्रसंग कोणता, साल कोणते, आधार कोणता. आख्यायिका असेल तर ‘आख्यायिका’ असे स्वच्छ लिहावे. रथ दाखवायला कुणाची हरकत नाही.

आणि घरोघरच्या वाचकांना एक विनंती. कल्याणात पारनाक्यावर, टिळक चौकात, ठाण्यात चेंदणी-नौपाड्यात, डोंबिवलीच्या जुन्या चाळींत आज पुनर्विकास जोरात आहे. वाडा रिकामा करताना माळ्यावरची ट्रंक उघडली जाते, फडक्यात बांधलेले मोडी कागद निघतात, कुणाला वाचता येत नाहीत, आणि ते रद्दीत जातात. इतिहासाचार्य राजवाड्यांचा १८९८ मधला पहिला खंड, ज्याने पानिपताबद्दलचे आपले ज्ञान पालटले, तो वाईच्या एका वाड्यात पडलेल्या अशाच पत्रांतून निघाला. आपल्या माळ्यावर काय आहे ते मोडी जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय रद्दीवाल्याला देऊ नका. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, ठाण्याचीच प्राच्यविद्या अभ्यास संस्था आहे, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे घेऊन जा.